मोकळी सोडलेली फेरी

"हे घर आहे की रस्ता?" मिस ओडेसांनी विचारलं.

क्लेमेंट व्हिटलोचे हात पियानोच्या पट्ट्यांवरच थबकले. डाव्या हाताखाली सी मायनरचा कॉर्ड, तीन सुरांचा तो उदास मेळ, दाबून धरलेला होता. उजवा हात कुठे जावं ते न कळून अधांतरी राहिला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मायनर कॉर्ड समोर आला की पहिला प्रश्न हाच. आपण इथे मुक्कामाला आलोय, की इथून पुढे जायचंय? घर असेल तर सहावा सूर चढा लाव आणि पाय पसरून बस. रस्ता असेल तर सातवा उतरता घे आणि चालू लाग. तू दोन्ही एकदम लावलेस. घरात येऊन बसलायस आणि बूट काढायचं नाव नाही."

त्यांनी भुईमुगाची शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल पियानोच्या कडेला ठेवलं. चुकीच्या सुराला एक टरफल असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या अर्ध्या तासातच तिथे लहानसा ढीग झाला होता.

नोव्हेंबर संपत आला होता. होमवुड वस्तीच्या उतारावरच्या त्या घरात खोली तापवणारा रेडिएटर ठकठक करत होता. सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं, आणि त्यावर मिस ओडेसा प्रायर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. बोटं संधिवाताने वाकलेली. त्या भागातल्या निम्म्या पियानोवाल्यांनी त्यांच्याच हातची टरफलं मोजली होती. क्लेमेंटच्या थोरल्या भावाने, वेंडेलनेसुद्धा.

क्लेमेंट मात्र त्यांच्याकडे कधी आला नव्हता. तो वाचनालयातला माणूस. पस्तीस वर्षं पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले आणि निवृत्त झाला. रविवारी चर्चच्या तळघरात मुलांच्या वर्गाला तो पियानोची साथ करायचा, तीही गीतांचं पुस्तक समोर उघडं ठेवून. वाऱ्याने पान उलटलं तरी त्याचं वाजवणं थांबायचं. मिस ओडेसांनी तो आल्या आल्याच पुस्तक ठेवायची फळी मिटून टाकली होती आणि तिच्यावर पेपरमिंटची बशी ठेवली होती.

"त्रेसष्टाव्या वर्षी माणसं मासे धरायला शिकतात," त्या म्हणाल्या. "तुला हे कुठून सुचलं, पुस्तकवाल्या?"

"मार्चमध्ये वेंडेलची फेरी आहे," क्लेमेंट म्हणाला. "त्याच्या बायकोने, लव्हिनियाने, मला वाजवायला सांगितलंय."

मिस ओडेसांच्या हातातली शेंग न फुटता तशीच राहिली.

फ्रँक्सटाउन अ‍ॅव्हेन्यूवर, न्हाव्याच्या दुकानाच्या वर, वादकांचा क्लब होता. तिथे एक रिवाज होता. कुणी वादक गेला की वर्षभर त्याची फेरी मोकळी सोडायची. गाणं सुरू व्हायचं, जो तो आपापल्या पाळीला, समोर कागद न ठेवता, आपल्या मनाने एक फेरी वाजवायचा. गेलेल्या माणसाची पाळी आली की बेस आणि ड्रम तेवढे चालू राहायचे. बत्तीस मापांची, म्हणजे तालाच्या बत्तीस आवर्तनांची, ती फेरी तशीच जाऊ द्यायची. त्या वेळात कुणी बोलायचं नाही, ग्लाससुद्धा उचलायचा नाही. वर्ष भरलं की घरातलं किंवा जवळचं कुणीतरी ती फेरी वाजवून भरायचं. मग ती जागा पुन्हा सगळ्यांची.

वेंडेलला जाऊन मार्चमध्ये वर्ष होणार होतं.

"तिथे तर ऑर्व्हिल आहे, होझिया आहे," मिस ओडेसा म्हणाल्या. "वीस वर्षं त्याच्याबरोबर वाजवलेली माणसं. तूच कशाला?"

"त्याने शेवटचं जे वाजवलं ते फक्त मी ऐकलंय. फोनवर. लव्हिनियाला तेच हवंय."

"मग चांगलंच की. कसं होतं?"

क्लेमेंटने डाव्या हाताखालचा कॉर्ड पुन्हा दाबला. "मायनरमध्ये होतं," तो म्हणाला.

मिस ओडेसांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग शेंग फोडली. "चल. पुन्हा. घर की रस्ता?"

*

वेंडेल दर शनिवारी चार वाजता फोन करायचा. लव्हिनिया त्या वेळी चर्चच्या गायनाच्या तालमीला गेलेली असे आणि घरात तो एकटा असे. "क्लेम, ऐक," म्हणायचा आणि रिसीव्हर पियानोवर ठेवून द्यायचा. मग त्या आठवड्यात जे सुचलं असेल ते वाजवायचा, कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. शेवटी रिसीव्हर उचलून विचारायचा, "काय ऐकलंस?"

"छान होतं," क्लेमेंट म्हणायचा. अकरा वर्षं तो एवढंच म्हणत आला होता.

पहिली काही वर्षं त्याने खरंच कान देऊन ऐकलं. पण वेंडेलचं वाजवणं त्याला कधी नीट कळलं नाही. कागदावर नसलेलं काही त्याच्या डोक्यात थांबतच नसे. मग कधीतरी तो रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून पुस्तक वाचू लागला. संगीत थांबलं की कळायचं. तो रिसीव्हर उचलायचा, वेंडेल विचारायचा आणि तो "छान होतं" म्हणायचा.

मार्चमधल्या त्या शनिवारी त्याच्या हातात बर्फाच्या समुद्रात अडकलेल्या एका जहाजाची हकिकत होती. शेवटची चाळीस पानं राहिली होती. माणसं जहाज सोडून चालत निघाली होती. फोनमधलं वाजणं थांबलं ते त्याला कळलं. हे पान संपवू आणि उचलू, असं त्याने ठरवलं. ते पान संपलं, तर पुढच्या पानावर एकाचा पाय बर्फात फुटलेल्या भेगेत गेला होता. क्लेमेंटने पान उलटलं. मग आणखी एक.

रिसीव्हर उचलला तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते त्याने पाहिलं नाही. पुढे मात्र त्याने हिशेब केला. बावीस पानं.

"वेंडेल?" तो म्हणाला. पलीकडे नुसती बारीक खरखर होती. "वेंडेल?" त्याला वाटलं, दाराशी कुणीतरी आलं असेल, किंवा स्वारी रागावली असेल. त्याने फोन ठेवला आणि पुस्तक संपवलं.

साडेसहाला लव्हिनियाचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार. पण डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात, हे क्लेमेंटने बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या जेवणघरात क्लेमेंट तळलेले मासे आणि मॅकरोनीची भांडी मांडत असताना लव्हिनिया त्याच्याजवळ आली. काळी टोपी, कोरडे डोळे. "शनिवार होता," ती म्हणाली. "म्हणजे तुलाच फोन केला असणार. वाजवलं त्याने?"

"हो."

"पूर्ण?"

त्या क्षणी खरं बोलायला दोन वाक्यं पुरली असती. "पूर्ण," क्लेमेंट म्हणाला. "मग मला गुडबाय म्हणाला आणि फोन ठेवला."

लव्हिनियाने मान हलवली आणि माशांच्या भांड्यावरचं झाकण नीट बसवलं.

ऑक्टोबरमध्ये तिने त्याला घरी बोलावलं, समोर रताळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "क्लेम, मार्चमध्ये त्याची फेरी तू भरायचीस. त्याने शेवटी वाजवलं ते मला ऐकव."

तो नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

*

मिस ओडेसांनी त्याला आठवड्यातून दोनदा बोलावलं. एरवी तो चर्चच्या तळघरात सराव करायचा. दुपारी तिथे कुणी नसायचं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या असायच्या, उंच खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे.

शिकताना त्याला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यापासून त्याची झोप उडाली. त्या शनिवारचं त्याने काही ऐकलं नव्हतं हे खरं, पण थांबण्याआधीचा शेवटचा आवाज त्याच्या कानात राहिला होता. अर्धवट झोपेत कुणी दार लावलं तर तो आवाज राहतो, तसा. तो मायनर कॉर्ड होता, हे आता त्याला ओळखता येत होतं. खाली सी, त्यावर तिसरा सूर उतरलेला, पाचवा, आणि सगळ्यात वर आणखी एक. तो वरचा सूर सहावा होता की सातवा?

शेजारशेजारच्या दोन पट्ट्या. एक पांढरी, एक काळी. पांढरी असेल तर वेंडेल घरी पोचला होता. फेरी पूर्ण झाली होती, आणि क्लेमेंट जे बोलला ते निदान निम्मं खरं होतं. काळी असेल तर तो रस्त्यात होता.

तो तळघरात बसून एकदा पांढरी दाबायचा, एकदा काळी. कॉर्ड वाजवायचा, हात उचलायचा, आणि आवाज विरून जाईपर्यंत ऐकायचा. आवाज विरला की त्याच्या मागे एक बारीक खरखर सुरू व्हायची. आधी त्याला वाटलं, रेडिएटर. मग त्याने रेडिएटर बंद करून पाहिला. हात गोठले, खरखर तशीच राहिली. उजळ सुरांचा मेजर कॉर्ड वाजवला की ती यायची नाही. मायनर वाजवून हात उचलला की यायची, कुणीतरी दुसऱ्या टोकाला रिसीव्हर उघडा ठेवून बसावं तशी.

जानेवारीत एका दुपारी त्याने त्या खरखरीत "वेंडेल?" अशी हाक मारली आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरून वर रस्त्यावर आला. बर्फ पडत होता. टोपी तळघरातच राहिली होती. ती आणायला तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

दिवस थोडे उरले होते आणि मनाने वाजवणं त्याला जमत नव्हतं. मिस ओडेसा म्हणायच्या, "तीन सूर घे आणि त्यांची गोष्ट सांग." तो तीन सूर घ्यायचा आणि चौथा कुठून आणायचा या काळजीने तिन्ही विसरायचा. "चौथ्याची वाट बघू नकोस रे," त्या ओरडायच्या. "आत्ता वाजवलास तो ऐक! तो सांगेल पुढे कुठे जायचं. तू कान झाकून बोटं पुढे दामटतोस."

शेवटी त्याने त्याला जमणारं काम केलं. वेंडेलच्या तीन टेपा त्याच्याकडे होत्या. त्या थांबवत थांबवत त्याने मायनरमधल्या जागा कागदावर उतरवल्या, त्यातल्या निवडल्या, एकमेकींना जोडल्या. बत्तीस मापं झाली. शेवटचा कॉर्ड त्याने पांढऱ्या पट्टीचा लिहिला. घरी पोचलेला. मग पाठ केली आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मिस ओडेसांना वाजवून दाखवली.

एकही टरफल पडलं नाही. त्याने वळून पाहिलं तर त्यांच्या हातात शेंगच नव्हती.

"ही वेंडेलची शेवटची फेरी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पहिली आठ मापं एक्कावन्न सालातली. गोदीवाल्यांच्या नाचाच्या वेळची. तेव्हा त्याची करंगळी शाबूत होती. पुढची चार, माझ्या बहिणीच्या लग्नातली. मधली जागा तो करंगळी मोडल्यावर वाजवायचा, कारण तिथे करंगळी लागत नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "एका फेरीत पाच वयांचा माणूस बसलाय, क्लेमेंट. एक हात तरण्याचा, एक म्हाताऱ्याचा. मेलेल्याला शिवून उभं केलंयस तू. मला भीती वाटली ऐकताना."

क्लेमेंट पट्ट्यांकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं. रिसीव्हर, टेबल, जहाज, बावीस पानं. सांगायला चारच मिनिटं लागली असतील.

मिस ओडेसा उठल्या. कागद घेतले, सोफ्यावर ठेवले आणि त्यांच्यावर बसल्या.

"ते माझे आहेत," क्लेमेंट म्हणाला.

"असू देत. म्हातारीला उठव आणि घे." त्या कागदांवर आणखी ऐसपैस झाल्या. "तू माझ्याकडे मनाने वाजवायला शिकायला आलास, का तर खोटं चांगलं बोलता यावं म्हणून. पन्नास वर्षं शिकवतेय, असा विद्यार्थी पहिलाच."

"मिस ओडेसा, तो शेवटचा सूर. सहावा की सातवा, तेवढं कळलं तर..."

"तर काय? एकट्या कॉर्डवरून कळतं होय घर की रस्ता? मी विचारते ते तुला विचार करायला लावायला. सहावा लावूनही माणसं उठून चालू लागतात, आणि सातव्यावर बसून मरतात. त्याच्यानंतर काय येतं, त्यावर ठरतं ते."

"त्याच्यानंतर काहीच आलं नाही."

"तेच म्हणतेय मी. त्याने काय वाजवलं ते मी तुला शिकवू शकत नाही. त्याच्यानंतरचं शिकवू शकते. आणि त्या बाईला जाऊन सांग."

तो मार्चपर्यंत चार वेळा लव्हिनियाच्या गल्लीच्या पायऱ्यांपर्यंत गेला. चारही वेळा परत आला.

*

वेंडेलच्या फेरीच्या रविवारी दुपारी क्लबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लव्हिनिया पुढच्या टेबलाशी बसली होती, तीच काळी टोपी घालून. तिच्या शेजारी मिस ओडेसा, मांडीवर शेंगांची पिशवी. खिडकीखाली रताळ्याच्या पाईचे तुकडे झाकून ठेवले होते.

ऑर्व्हिल स्टब्सने आपला माणसाएवढा बेस खांद्याला टेकवला. तो आडदांड माणूस होता, दिवसा पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. "क्लेम, बाबा, घाबरायचं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हरवलास तर माझ्याकडे बघ. मी कुठे जात नाही. एवढं मोठं लाकूड घेऊन जाणार कुठे?"

"आणि मी हरवलो तर?" ड्रमवरून होझिया म्हणाला.

"तू हरवलेलाच असतोस. कुणाच्या लक्षातही येत नाही."

गाणं वेंडेलचंच होतं, सी मायनरमधलं. ट्रंपेटची फेरी झाली, सॅक्सोफोनची झाली. क्लेमेंट पियानोशी बसून फक्त कॉर्ड दाबत होता. त्याच्या आतल्या खिशात त्या बत्तीस मापांची दुसरी प्रत होती. ती काढायची गरज नव्हती. पाठ होती.

त्याची पाळी आली. बेस आणि ड्रम हळू झाले. कुणीतरी उचललेला ग्लास टेबलावर ठेवला.

हात पाठ केलेल्या पहिल्या सुरावर गेला आणि तिथेच राहिला. लव्हिनिया समोरच होती. ती ऐकायला आली होती, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, त्याने कधी ऐकलं नव्हतं तशी ऐकायला. तिच्यासमोर तो शिवलेला माणूस उभा करणं त्याच्याच्याने झालं नाही.

त्याने तो कॉर्ड वाजवला. शेवटचा. वरचा सूर न लावताच. आणि हात उचलला.

दोन मापं गेली, चार गेली. खरखर सुरू झाली. भर माणसांत, बेसच्या आवाजाखालून. तळघरात यायची त्याहून जवळून. या वेळी क्लेमेंट पळाला नाही. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने सहावा सूर लावला, अगदी हळू. तो ऐकला. मग सातवा. मग पुन्हा सहावा. दार ढकलून पाहावं तसं. त्यातून एक तिसरा निघाला, खाली उतरणारा, आणि त्याच्या मागे आणखी एक. ते वेंडेलचे नव्हते. लहान मूल बर्फावरून चालतं तसे ते धडपडत चालले होते.

"मधली आठ मापं आली, क्लेम," ऑर्व्हिल कुजबुजला.

मधल्या आठ मापांत तो दोनदा पडला. एक सूर इतका चुकीचा लागला, की मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. त्याने तोच सूर पुन्हा वाजवला, तो काय म्हणतो ते ऐकण्यासाठी, आणि त्याच्यामागून पुढे गेला. शेवटची आठ मापं आली. गाणं पुन्हा त्या पहिल्या मायनरवर आलं. त्याला आता पुढचा सूर ऐकू येईना. नुसती खरखर उरली होती. त्याने हात मांडीवर घेतले आणि उरलेली मापं मोकळी जाऊ दिली.

गाणं संपलं. थोडा वेळ टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना.

"आता या फेरीचं काय करायचं?" होझियाने विचारलं. "अर्ध्याहून जास्त भरली, बाकीची मोकळीच. असं याआधी कधी झालं नव्हतं."

"उरलेली पुढल्या वर्षी," ऑर्व्हिल म्हणाला. "आपला क्लेम हप्त्याने देतोय."

लोक हसले आणि मग टाळ्या झाल्या. मिस ओडेसांच्या पिशवीतली एकही शेंग फुटली नव्हती.

*

लव्हिनियाने त्याला जिन्यात गाठलं. खालून न्हाव्याच्या पावडरचा वास येत होता.

"ते वेंडेलचं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"त्याने काय वाजवलं, तुला माहीत नाही."

"नाही." आणि मग ती दोन वाक्यं, वर्षभर राहिलेली, एकदाची तोंडातून पडली. "मी वाचत होतो, लव्हिनिया. ते थांबलं तरी वाचत राहिलो, आणि मग फोन ठेवून दिला."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी घरी आले तेव्हा रिसीव्हर पियानोवर पडून, लाइन तुटल्यावर किंचाळतो तसा किंचाळत होता," ती म्हणाली. "गुडबाय म्हणणारा माणूस रिसीव्हर जागेवर ठेवतो, क्लेम. तू माशांच्या भांड्याशी उभं राहून बोललास, तेव्हाच मला कळलं."

क्लेमेंट एक पायरी उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"नाताळपर्यंत मी तुझा राग राग केला. म्हटलं, फेरी वाजवायला सांगते, म्हणजे आठवडाभरात येऊन कबूल करील. आणि तू! दोन वाक्यं बोलायला नकोत म्हणून चार महिने ओडेसा प्रायरच्या शिव्या खाल्ल्यास आणि पियानो शिकलास. वेंडेल असता तर हसून खुर्चीवरून पडला असता."

तिने खरंच हसायचा प्रयत्न केला. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू वाचतोस ते. त्याला पानांचा आवाज यायचा. शनिवारी मी तालमीहून आले की सांगायचा, आज क्लेमचं पुस्तक जाड कागदाचं होतं. आज भराभर उलटत होता, गोष्ट रंगली असणार. म्हणायचा, बाकी सगळे टाळ्या वाजवतात नाहीतर सल्ले देतात. एवढ्या शांतपणे माझ्याजवळ कुणी बसत नाही."

क्लेमेंटने कठडा घट्ट धरला. त्याने विचारलं, "त्या दिवशीही ऐकू आला असेल?"

"मला काय माहीत? मी तालमीला होते. तूच सांग. उलटत होतास?"

"हो," तो म्हणाला. "बावीस."

लव्हिनियाने त्याच्याकडे पाहिलं नाही. टोपीच्या कडेवरून बोट फिरवत ती तो आकडा मनात धरून बसली. मग उठली आणि खाली उतरून गेली. तिने आपल्याला काय दिलं, दिलासा की शिक्षा, ते क्लेमेंटला ठरवता आलं नाही.

पुढच्या शनिवारी चार वाजता फोन वाजला.

"क्लेम, मी तालमीला निघालेय," लव्हिनिया म्हणाली. "रिसीव्हर पियानोवर ठेवतेय. तुला बंद करायचा तर कर."

लाकडावर ठक असा आवाज झाला. तिची पावलं लांब गेली, दार लागलं, किल्ली फिरली. मग त्या रिकाम्या घरातली खरखर राहिली. तिच्या आत खूप खोलवर स्वयंपाकघरातलं घड्याळ चाललं होतं.

क्लेमेंटने रिसीव्हर टेबलावर ठेवला नाही. कानालाच धरून ठेवला. थोड्या वेळाने त्याने कपाटातून ते जहाजाचं पुस्तक काढलं, त्या दिवशीच्याच पानाशी उघडलं आणि बोलायच्या बाजूजवळ धरून एक पान उलटलं. मग थांबला. आणि त्याच्यानंतर काय येतं, ते ऐकत राहिला.